दुसऱ्याच्या आजीला हळदकुंकू

लीड्समध्ये कुणाही मराठी घरी जेवणं झाली, की ताटं उचलायच्या आधी कोणीतरी म्हणतं, "हं, आता तू सांग." मग मी सांगते. माझ्या गोष्टीतले पणजोबा भर बाजारात घोड्यावरून पडतात आणि उठून त्याच घोड्याला दंड करतात. खरे पणजोबा पोस्टात होते आणि घोडा दिसला तर रस्ता ओलांडत. माझ्या नवऱ्याने हे इतक्या वेळा ऐकलंय की मराठी जेवणापुरतंच येत असूनही घोडा आला की त्याला कळतं, आणि तो भांडी घासायला उठतो.

नवरा इंग्रज आहे, जन्माने आणि चेहऱ्याने लीड्सचा. त्याच्या घरात कुणालाच मागचं काही माहीत नाही. आजोबा गिरणीत होते, त्याच्या पलीकडे धुकं. असं रिकामं घराणं माझ्यासारख्या बाईच्या हाती पडणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं. त्या घराण्याचं मी काय केलं ते मी गेल्या दिवाळीत एकदा सांगितलंय, लोक खूप हसले. पण तेव्हा मी त्यातली दोन वाक्यं गाळली होती. ती इथे घालून सांगते.

सुरुवात सासूबाईंपासून. इथे सासूला नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळली नाही, म्हणून मी पहिल्या दिवसापासून "आई" म्हणते. त्यांनाही ते आवडलं. त्यांना वाटतं ते मी खास त्यांच्यासाठी शोधून काढलेलं नाव आहे. ऐंशी ओलांडल्यावर त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉर्डात मी त्यांना सूप भरवत होते तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "मी गेले की मला माझ्या ममच्या शेजारी ठेवा."

आईंची आई त्या पाच वर्षांच्या असताना वारली, लीड्सपासून दीडेक तासावरच्या एका खेड्यात. वडिलांनी लगेच मुलीला उचललं, लीड्सला आले, दुसरं लग्न केलं. त्यानंतर त्या गावाचं नाव घरात निघालं नाही. आई कधी परत गेल्या नाहीत. त्यांना आईचा चेहरा आठवत नाही; एक तपकिरी कोट आठवतो आणि त्या कोटाच्या खिशात हात घालून चाललेलं आठवतं.

"नक्की?" नवऱ्याने विचारलं. "डॅडची राख तर समुद्रात सोडली आपण."

"तुझ्या डॅडला पोहता यायचं," आई म्हणाल्या. "मला नाही येत."

आता इथे गावच्या चर्चयार्डात, म्हणजे चर्चच्या आवारातल्या दफनभूमीत, जागा मिळणं सोपं नसतं. त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहत असाल तर हक्क. नसाल, तर व्हिकर, म्हणजे तिथले धर्मगुरू, आणि पॅरिशची कमिटी यांनी हो म्हणायला हवं. व्हिकरबाईंना फोन केला तर त्या गोड बोलल्या. तिथे तुमचं जवळचं कुणी पुरलेलं असेल तर कमिटी बहुधा नाही म्हणणार नाही, म्हणाल्या. म्हणजे आईंची आई सापडायला हवी होती. एवढंच काम होतं. ते मी घेतलं.

पहिल्या खेपेला आम्ही दोघंच गेलो. नवरा गाडीत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसला आणि मी चर्चयार्डात शिरले. बुटकं चर्च, गवतात कलंडलेले थडग्यांचे दगड, भिंतीपलीकडे मेंढ्या. त्या गावात आडनावं मोजकीच. प्रत्येक तिसऱ्या दगडावर आईंचं माहेरचंच आडनाव. मला कोकणातल्या एखाद्या गावात गेल्यासारखं वाटलं, जिथे हाक मारली तर अख्खी आळी ओ देते. दाराजवळच्या मोठ्या, काळपट हिरव्या यूच्या झाडाखाली मला तो दगड दिसला. आईंच्या आईचं नाव, आडनाव आणि त्याखाली "प्रिय पत्नी". कुणाची पत्नी ती ओळ मातीत गेलेली. सालाचे शेवटचे आकडे शेवाळाने खाल्लेले, ते मी माझ्या सोयीने वाचले.

"सापडली!" मी गाडीची काच वाजवली.

"इतक्यात?" नवरा म्हणाला. "कुणाला विचारायला नको का?"

"कशाला विचारायचं? लिहिलंय की नाव."

"या गावात ते नाव बहुतेक मेंढ्यांनाही असेल."

मी त्याला म्हटलं, तू क्रिकेट ऐक.

संध्याकाळी आईंना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हासुद्धा त्या सँडविचेस करत होत्या. "तिला दगड होता," त्या म्हणत राहिल्या. "मला वाटायचं वडिलांनी तिला तशीच टाकली. पण दगड केला होता त्यांनी." दुसऱ्या दिवशी तो फोटो त्यांनी लंच क्लबात सगळ्यांना दाखवला. त्या क्लबात म्हाताऱ्या बायका नातवंडांचे फोटो दाखवतात. आईंनी आईचा दाखवला.

एवढ्यावर थांबले असते तर निदान चूक स्वच्छ राहिली असती. पण सप्टेंबर होता, पितृपक्ष लागला होता, आणि मला सुचलं की आईंची आई नवरा जिवंत असताना गेली. दगडावर "पत्नी" आहे, "विधवा" नाही. म्हणजे अहेव मरण. म्हणजे अविधवा नवमी!

पुण्यात आमच्या घरी असलं काही होत नसे. माझे वडील श्राद्धाच्या दिवशी मुद्दाम ऑम्लेट खात. पण परदेशात राहिलं की माणसाला जे घरी नव्हतं तेही आठवायला लागतं. मी पुण्याला आत्याला फोन लावला.

"आत्या, अविधवा नवमीला काय काय करतात गं?"

"कुणाची?"

"सासूबाईंच्या आईची."

"त्या गोऱ्या ना?"

"अहेव गेल्या, आत्या."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आत्या ती संपेपर्यंत थांबली. "तुझी आजीसुद्धा अहेवच गेली. तिची केलीस का कधी नवमी?"

मी म्हटलं, आवाज कट होतोय.

"माझ्याकडे नीट येतोय," आत्या म्हणाली. "ऐक. एखादी सवाष्ण बोलव. तिला जेवायला घाल, हळदकुंकू लाव, ओटी भर. जिवंत बाईची भर हो! दगडाला हळद फासत बसू नकोस. ते काही देवीचं ठाणं नाही."

हे तिने स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मीच पुढे मनात त्याला फाटे फोडले. त्या गावात सवाष्ण कुठून आणायची? दुपारी तिथे माणूस दिसत नाही. आणि कुणाच्या दारावर टकटक करून काय म्हणायचं, तुमचे मिस्टर हयात आहेत का? त्यापेक्षा जिचा मान तिलाच द्यावा. हा विचार मला इतका सुंदर वाटला की मी सुट्टी टाकली.

एकटीच गेले. खण, तांदूळ, दुकानातून बघून आणलेला नारळ, हळदीकुंकवाची कोयरी. कोरडी हळद वाऱ्याने उडून माझ्याच कोटावर बसली, म्हणून बाटलीतलं पाणी घालून दाटसर कालवली आणि त्या बाईच्या नावाच्या वर चांगली बोटभर रुंद ओढली. त्यावर कुंकू. पायाशी नारळ, तांदूळ आणि खण. हात जोडले. डोळ्यांत पाणीही आलं, ते खोटं नव्हतं. फोटो काढून मी तो सगळ्या ग्रुप्सवर टाकला, खाली लिहिलं: यॉर्कशरमध्ये अविधवा नवमी. बदाम आले, जोडलेले हात आले. "ग्रेट आहेस!" असं तर जिने स्वतः कधी देवाला फूल वाहिलं नाही तिनेही लिहिलं. मी निघाले तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता.

आईंनी फोटो बघितला. "छान," म्हणाल्या. "तिला जरा रंग आवडला असता."

पुढच्या शनिवारी व्हिकरबाईंनी आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्याकडे पाच गावं, पाच चर्चेस. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावात लग्न लावायचं होतं. तेव्हा चर्चवॉर्डनबाई भेटतील म्हणाल्या. चर्चवॉर्डन म्हणजे चर्चची देखभाल करणारं गावातलंच माणूस, कमिटीत ज्याच्या शब्दाला वजन असतं असं. आई सकाळपासून तयार होत्या. त्यांनी लिपस्टिक लावली होती. आईला भेटायला जाताना चांगलं दिसावं, म्हणाल्या.

नवरा गाडीत थांबला. आई वॉकर टेकत टेकत पुढे, मी मागे. सत्तरीच्या एक बाई, आखूड केस, हिरवं जाकीट, हातात झाडं छाटायची कात्री, यूच्या झाडाखाली उभ्या होत्या. आम्हाला बघून पुढे आल्या.

"या, व्हिकर म्हणाल्या तुम्ही येणार. माफ करा हं, माझं डोकं ठिकाणावर नाही. इकडे या, बघा काय करून ठेवलंय."

मी बघितलं. पावसाने हळद नावावरून खालपर्यंत ओघळली होती आणि दगडाने ती पिऊन टाकली होती. त्यावरून कुंकवाचे ओघळ. कुणीतरी कुणाचा तरी खून करून तिथे हात पुसावेत, तसा दगड दिसत होता. तांदूळ पाखरांनी विस्कटले होते. खण चिखलात. नारळ जागच्या जागी.

"रंग फेकलाय," बाई म्हणाल्या. "आणि नारळ! गावच्या जत्रेत चेंडूने नारळ पाडायचा खेळ असतो ना, तिथून उचललेला दिसतोय. मोठी पोरं असणार. सगळं गाव संतापलंय. पोलिसातून येऊन फोटो काढून गेले." मग त्यांनी त्या दगडाच्या कडेवर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "ही माझी आजी."

मला पुढचं सांगायचं नाहीये, म्हणून पटकन सांगते. मी गळ्यातला स्कार्फ सारखा केला आणि म्हटलं, "किती वाईट! कोण करतं असं?"

अगदी सहज म्हटलं. माझा आवाज हळहळीचा होता. चेहराही तसाच झाला असणार, कारण वॉर्डनबाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि यॉर्कशरमध्ये कुणालाही म्हणतात तसं "थँक यू, लव्ह" म्हणाल्या. मी मान हलवली. आई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फोटो बघितला होता, "छान" म्हटलं होतं. त्यांना नारळसुद्धा ओळखीचा होता.

पण आईंना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. त्या दगडाकडे बघत होत्या.

"तुमची आजी?" त्या म्हणाल्या. "नक्की?"

"नक्की म्हणजे? माझ्या वडिलांनी दगड बसवला. दर ईस्टरला आम्ही इथे फुलं ठेवायचो."

आईंनी स्वतःच्या आईचं नाव सांगितलं. तेच नाव, तेच आडनाव. वॉर्डनबाईंनी आठवून बघितलं, आडनाव ऐकून एक-दोन घरं सांगितली, मग मान हलवली. "अर्ध्या गावाचं नाव ते, लव्ह. तरुण वारल्या म्हणता? पैसे नसतील तर दगड करत नसत. तशांना पलीकडे उत्तरेच्या बाजूला ठेवायचे. तिकडे नुसतं गवत आहे. कोण कुठे आहे ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

"दगड नाही," आई म्हणाल्या.

"असेलसं वाटत नाही."

"नाही," आई परत म्हणाल्या, स्वतःलाच. चेहरा उतरला आणि ओठांवरची लिपस्टिक उगाच भडक दिसायला लागली. फोटो बघून त्या काय म्हणाल्या होत्या ते मला आठवलं: वडिलांनी तिला तशीच टाकली नाही. तो दगड मी त्यांना दिला होता आणि आता तो वॉर्डनबाईंनी, स्वतःची वस्तू म्हणून, परत घेतला.

बाईंनी आम्हाला आत नेलं. चर्चच्या मागच्या बाजूला छोटं किचन, किटली, आल्याचा चिकट केक. त्या बोलत होत्या: आईंची आई तिथे आहे, दगड नसला तरी आहे, तेव्हा अर्ज करायला हरकत नाही, पण कमिटीत सगळ्यांची मतं लागतात, आणि या प्रकारामुळे लोक सध्या बाहेरच्यांबद्दल जरा हळवे झालेत. "बाहेरच्या" म्हणताना त्या माझ्याकडे न बघण्याची काळजी घेत होत्या. त्यांचा तो चांगुलपणाही मला सहन करावा लागला. मी चहा ढवळत होते. मी चहात साखर घेत नाही.

तेव्हा आई म्हणाल्या, "तो रंग नाहीये. हळद आहे ती. आमची आहे."

किटलीचा आवाज थांबला होता, म्हणून ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"हळद?" वॉर्डनबाई म्हणाल्या. "करीतली?"

"तीच. ही आमच्याकडे करतात तसं काहीतरी करत होती माझ्या आईसाठी. मला दाखवलं होतं तिने. मी छान म्हटलं होतं."

"आमच्याकडे" असं म्हणाल्या त्या. इतक्या वर्षांत आई आमच्या घरी आमटी जेवल्या, गणपतीत येऊन बसल्या, पण "आमच्याकडे" कधी म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या त्या नेमक्या तेव्हा. आणि त्यांची जागा, जिच्यासाठी एवढा सगळा खटाटोप होता, ती त्याच वाक्यात जाऊ शकत होती. हे त्यांना माहीत होतं. त्या काही भोळ्या नाहीत.

वॉर्डनबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी होती. माफी मागायची होती. आयुष्यभर ज्या तोंडावर मी जेवणावळी गाजवल्या, त्या तोंडातून काय निघालं?

"उन्हात जाते," मी म्हटलं. "हळदीचा डाग. उन्हात आपोआप जातो."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ऑक्टोबरातलं यॉर्कशर होतं.

"मघाशी तुम्ही म्हणालात," त्या सावकाश म्हणाल्या, "कोण करतं असं."

त्याच वेळी नवऱ्याने दारातून डोकं आत घातलं. "झालं का सगळं? केक आहे का?"

परतीच्या वाटेला लागलो. नवऱ्याने रेडिओ लावला, बंद केला. लीड्सच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा आई म्हणाल्या, "लंच क्लबात सगळ्यांना दाखवलं मी."

"आई, चूक माझी आहे. मी सांगते त्यांना."

"तू नको काही सांगूस," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. नुसतं सांगितलं, जसं जिना ओला आहे म्हणून सांगतात.

शहाणं माणूस यावर काही दिवस गप्प बसलं असतं. मी दिवाळीपर्यंत बसले. दिवाळीला मित्राकडे जेवायला होतो, आईही होत्या. त्यांना चिवडा आवडतो. ताटं उचलायच्या आधी कुणीतरी म्हणालं, "हं, आता तू सांग. त्या नवमीच्या फोटोचं काय झालं?" आणि मी सांगितलं. मराठीत. जत्रेतला नारळ सांगितला, पोलीस सांगितले, उन्हात जाते आणि खिडकीबाहेरचं आभाळ सांगितलं. गोष्ट फार छान झाली. एक जण खुर्चीवरून घसरला. "कोण करतं असं" हे वाक्य मी घेतलं नाही. आईंचं "आमची आहे" तेही नाही. ती दोन वाक्यं काढली की ते सगळं नुसतं विनोदी उरतं, हे मला तिथेच कळलं.

आई चिवड्याची वाटी घेऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या. "कशाला हसतायत, लव्ह?" त्यांनी मला विचारलं.

"नारळाला," मी म्हटलं.

"अच्छा," आई म्हणाल्या. हा शब्द त्या आमच्या घरी शिकल्या आहेत. त्यांनी वाटीतले शेंगदाणे वेगळे काढायला सुरुवात केली. त्या रात्री नवरा भांडी घासायला उठला नव्हता, माझ्या लक्षात आलं. तो आईंच्या शेजारी बसून होता.

नोव्हेंबरात त्या चर्चयार्डात गावकरी मिळून पानं गोळा करतात. व्हिकरबाईंकडून दिवस विचारून मी गेले. बरोबर काही नेलं नाही. आधी केक करायचा विचार होता, मग वाटलं, केक म्हणजे पुन्हा ओटीच. वॉर्डनबाई दाराशी होत्या. मी पाठ करून आलेलं म्हटलं: तुमच्या आजीचा दगड मी खराब केला, आणि त्यानंतर तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

त्यांनी हातमोजे काढले नाहीत. "पिवळ्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "आजी स्वतः असल्या गोष्टींना हसली असती. पण तुम्ही तिथे उभ्या राहिलात आणि मी तुमचे आभार मानले. ते मला सारखं आठवतं."

मलाही, असं मला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर संभाषण माझ्याबद्दल झालं असतं, आणि त्यात मी तरबेज आहे. बाईंनी भिंतीला टेकवलेला, पानं ओढायचा लांब दांड्याचा एक पंजा माझ्याकडे सरकवला. मी दुपारपर्यंत पानं ओढली. गावातले लोक सभ्यपणे हवापाण्याचं बोलले. हळदवाली ती हीच, हे सगळ्यांना माहीत होतं, ते त्यांच्या सभ्यपणावरून कळत होतं. त्या दगडाला हात लावायची मला परवानगी नव्हती. जुन्या दगडाला घासायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं, असं जुने दगड दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सांगितलं होतं. डाग माझ्याच "उन्हात जातो"च्या भरवशावर सोडलेला होता, आणि मी त्याला ऊन आणून देऊ शकत नव्हते.

कमिटीची बैठक हिवाळ्यात दोनदा पुढे गेली. आई विचारत नसत. फोन वाजला की त्या टीव्हीचा आवाज बारीक करत, आणि फोन दुसऱ्या कुणाचा निघाला की मोठा करत. मी किचनमधून ते ऐकत असे. त्या आता खरंच थकत चालल्या होत्या; वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे मोहीम. जागा नाकारली गेली तर ती माझ्यामुळे, आणि मिळायच्या आधीच त्या गेल्या तर तेही माझ्यामुळे. असा हिशोब मी रोज भाजी चिरताना करत होते. आत्याला फोन केला, सगळं सांगितलं, गाळलेलंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तरी मी म्हटलं होतं, जिवंत बाईची भर." आणि पाठोपाठ, "जेवतात का नीट तुझ्या सासूबाई?"

फेब्रुवारी सरता सरता व्हिकरबाईंचा फोन आला. कमिटी हो म्हणाली होती. कोण बाजूने, कोण विरुद्ध, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जागा आधीपासून राखून ठेवायला चर्चच्या वरच्या ऑफिसातून वेगळी परवानगी लागते. पण निदान कुठे बरं वाटेल ते येऊन दाखवून ठेवा, म्हणाल्या, वॉर्डनबाई लक्षात ठेवतील.

मार्चमधला दिवस, गार पण कोरडा. या खेपेला नवराही आत आला. त्याने आईंना एका बाजूने धरलं होतं. यूच्या झाडाजवळून जाताना मी खाली बघत चालले. वॉर्डनबाई पुढे होत्या, एका हातात बांबूची काठी, दुसऱ्यात ती झाडं छाटायची कात्री. चर्चला वळसा घालून आम्ही उत्तरेच्या बाजूला आलो. तिथे खरंच नुसतं गवत होतं. जमीन थोडी उंचसखल, पांघरुणाखाली माणसं झोपल्यासारखी, पण कुठे कोण ते सांगायला एक दगडसुद्धा नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं.

आईंनी पायाखालचं गवत बुटाने जरा चाचपलं. मग त्यांनी मला विचारलं, "कुठे असेल गं ती?"

त्यांनी नवऱ्याला नाही विचारलं, वॉर्डनबाईंना नाही. मला विचारलं. आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं. भिंतीच्या कोपऱ्यात, तिथे जमीन जरा खचलेली होती, त्या काळात गरिबांना भिंतीलगतच ठेवत असणार, आणि कोपऱ्यातून तो जुना रस्ता दिसतो ज्याने तिचा नवरा मुलीला घेऊन गेला. सगळं जुळत होतं. आईंना ते आवडलं असतं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग परत एकदा सगळ्या गवतावरून नजर फिरवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"मग मध्ये," त्या म्हणाल्या. "मध्ये असलं म्हणजे ती कुठेही असली तरी फार लांब पडणार नाही."

"मध्ये गवत कापायचं मशीन फिरतं," वॉर्डनबाई म्हणाल्या.

"फिरू दे. ऐकू थोडंच येणार आहे."

वॉर्डनबाईंनी पावलं टाकत साधारण मध्य काढला. काठी रोवायला त्यांना दोन हात लागत होते, म्हणून कात्री त्यांनी न बघता माझ्याकडे दिली, आणि मी ती धरली.